चौदाला गेलेला चेलो

माझी मावशी एकोणीस वर्षं चेलो वाजवत होती, पण तिचा चेलो असा वेगळा कुणी कधी ऐकला नाही. रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये बेचाळीस वादक एकत्र बसायचे. त्यांत चेलोवाले पाच, आणि त्या पाचांत मावशी चौथी. चेलो म्हणजे व्हायोलिनचंच थोरलं भावंड, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. "माझा आवाज कुणाला ऐकू आला, तर समजायचं माझं चुकलं," असं ती सांगायची, आणि त्यात तिला जराही कमीपणा वाटायचा नाही. उलट एखादं गाणं कुठल्या दुकानातून कानावर आलं, की ती रस्त्यात थांबायची, बोट वर करायची आणि म्हणायची, "हं, आता ऐक. हा जो खालून हुंकार येतोय ना, त्यातला पाचवा हिस्सा माझा."

तो चेलो तिनं चाळीस हजाराला घेतला होता. तेवढ्यात त्या काळी शहराबाहेर एक खोली आली असती, आणि माझ्या आईनं तिला तसं सुनावलंही होतं. "खोलीत राहता तरी येतं. यात काय राहणार आहेस तू?" मावशीनं ऐकलं नाही. सकाळी सात ते साडेदहा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणं, अकराला हॉल, असं सहा वर्षं करून तिनं हप्ते फेडले. शेवटचा हप्ता भरून आली त्या दिवशी मी तिच्याकडेच होते, शाळेत जायचे तेव्हा मी. तिनं मऊ फडक्यानं चेलोची पाठ पुसली आणि म्हणाली, "आता हा अख्खा माझा. कालपर्यंत याची मान सावकाराकडे होती."

हॉलमध्ये दोन वादकांना मिळून एक स्टँड असायचा, कागद ठेवायला. मावशीच्या स्टँडवर तिच्या शेजारी बसायचे त्यांना सगळे चिक्कू म्हणत. माझ्यासाठी ते चिक्कूकाका. नाव उगाच पडलं नव्हतं. एक सिगारेट ते तीन वेळा पेटवायचे. तार पार झिजून उलगडायला लागली तरी बदलायचे नाहीत, म्हणायचे, "अजून जीव आहे तिच्यात." त्यांची पेन्सिल इतकी लहान झालेली असायची, की ती धरताना बोटांची टोकंच कागदावर घासायची. पण पाचांत हात त्यांचाच सर्वांत चांगला. कुठे गज वर न्यायचा, कुठे खाली ओढायचा, याच्या खुणा ते कागदावर आधीच करून ठेवायचे, आणि मावशीला अवघड जाईल असं काही आलं, की तिथे एक बारीकसा डोळा काढायचे. म्हणजे लक्ष ठेवा. वयानं मोठे होते तरी ते तिला ताई म्हणत. मावशी त्यांना तोंडावर कधी चिक्कू म्हणाली नाही.

मग हॉल बंद झाला. तसं दोन वर्षांपासून दिसतच होतं. आधी कोपऱ्यात एक टेबल आलं, टेबलावर एक यंत्र, यंत्रापुढे एक माणूस. पाच चेलोंचं काम तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी करायचा आणि उजव्या हातानं चहा प्यायचा. पुढे बेचाळीसचे वीस झाले, विसाचे आठ, आणि एका सोमवारी दारावर कागद लागला.

शहरात वाद्यांचं दुकान म्हणण्यासारखं एकच होतं. दुकानदाराला स्वतःला काही वाजवता यायचं नाही, पण बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक करून तो किंमत सांगायचा आणि ती बहुधा बरोबर असायची. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे अठरा व्हायोलिनं आली. पहिल्याला जो भाव मिळाला, त्याच्या निम्मासुद्धा अठराव्याला मिळाला नाही. वाद्य वाईट होतं म्हणून नव्हे. सगळे एकदम विकायला निघाले होते आणि घेणारा कोणीच नव्हता.

हे बघून पाचही चेलोवाले एका दुपारी चहाच्या टपरीमागे जमले. पुढाकार लांबूचा होता. तो पहिल्या खुर्चीवर बसायचा, उंच, देखणा, बोलायला गोड. बाकी दोघे सख्खे भाऊ, त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत.

"हे बघा," लांबू म्हणाला, "व्हायोलिनवाल्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आपण पाचच आहोत. तीसच्या खाली कोणी द्यायचा नाही. दोन-चार महिने कळ काढली तर तो दुकानदारच घरी येईल विचारत."

"लिहून ठेवायचं का?" चिक्कूकाकांनी विचारलं.

"लिहायचं काय त्यात? आपल्या आपल्यात!"

सगळे हसले. पाचांनी एकमेकांच्या हातावर हात मारले. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर थोडी ओढाताण झाली, आणि त्या दिवशी ते चिक्कूकाकांनी दिले, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

त्यानंतर नवव्या दिवशी मावशीनं चेलो विकला.

हे मी जसं तिनं मला सांगितलं तसं सांगते, कारण पुढे अनेकांनी तिच्या वतीनं कारणं शोधली. माझी आई म्हणायची, बिचारीची अडचण असेल. अडचण नव्हती. मावशीचं भाडं भरलेलं होतं. घरात कोणी आजारी नव्हतं. कारखान्यातलं सकाळचं काम चालू होतं, आणि मालकीणबाई तिला दिवसभराचं काम द्यायला तयार होत्या. एक तार बदलायची म्हणून ती दुकानात गेली. आत शिरली तर छताच्या दांडीला व्हायोलिनं ओळीनं टांगलेली, धुणं वाळत घातल्यासारखी. जमिनीवर एकावर एक पेट्या. पाऊल ठेवायला जागा नाही. आणि त्यातल्या कितीतरी व्हायोलिनांना ती चेहऱ्यानं ओळखत होती.

दुकानदार म्हणाला, "विकायला आणलाय का?"

"नाही. तार बदलायची आहे."

त्यानं चेलोच्या पाठीवर टकटक केलं. "आज म्हणाल तर चौदा देतो. बाहेरगावचा एक माणूस संध्याकाळच्या गाडीनं जातोय, त्याला एक हवाय. पुढच्या आठवड्यात मला विचारू नका."

"मी वर त्या टांगलेल्या व्हायोलिनांकडे बघितलं," मावशी मला म्हणाली, "एकेक ओळखीचं. मला वाटलं, सगळे विकणार आणि मी एकटीच हे लाकूड घेऊन बसणार. चौदा ऐकलं आणि माझंच तोंड म्हणालं, घ्या."

तिनं दोनच गोष्टी मागितल्या. नाव कुणाला सांगायचं नाही, आणि चेलो त्याच संध्याकाळी बाहेर गेला पाहिजे. दुकानदारानं दोन्ही कबूल केलं. पेटी मात्र त्याला नको होती, त्या बाहेरगावच्या माणसाकडे स्वतःची होती. ती रिकामी पेटी घेऊन मावशी घरी आली. एकोणीस वर्षं ती पेटी एका विशिष्ट वजनानं उचलायची सवय. आता ती इतकी हलकी, की जिन्यावर तिचा दोनदा तोल गेला.

चार दिवसांनी लांबू दुकानात चौकशीला गेला, तर दुकानदार म्हणाला, "तीस? तुमच्यातल्याच एकानं चौदाला दिला. आता मी बारा म्हणेन." नाव विचारलं तर त्यानं कानावर हात ठेवले.

पुन्हा पाच जण टपरीमागे जमले. या वेळी कोणी हसत नव्हतं. "कोण तो?" लांबूनं विचारलं, आणि प्रत्येकानं मान हलवली. मावशीनंही. मग धाकटा चिक्कूकाकांकडे बघत म्हणाला, "तुमच्या दाराला नवा रंग लागलाय म्हणे."

"मेव्हण्याकडचा उरलेला रंग आहे," चिक्कूकाका म्हणाले. "फुकटचा."

"पैशासाठी कोण काय करेल हे आम्हाला माहीत नाही का?" थोरला म्हणाला. "एक सिगारेट तीनदा पेटवणारा माणूस!"

चिक्कूकाकांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी त्यांना थट्टा वाटली होती.

"सोपं आहे," लांबू म्हणाला. "चला तुमच्या घरी. चेलो दाखवा, विषय मिटला."

"तुमचेही दाखवणार का?"

"आमच्यावर कोणाचा संशय नाही."

चिक्कूकाका उठले. त्यांचा आवाज नेहमी बारीक असायचा, तो आणखी बारीक झाला. "मी शब्द दिला होता. शब्दावर विश्वास नसेल तर माझ्या घरात शिरून पेटी उघडून बघणार तुम्ही? माझ्या बायकोसमोर?" मग ते मावशीकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही मला ओळखता."

मावशी म्हणाली, "मला काय माहीत?"

एवढंच. तीन शब्द. ते तिच्या तोंडून कसे निघाले हे तिला पुढे कधी समजलं नाही. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, असं ती म्हणायची. चिक्कूकाका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग चपला घालून निघून गेले. त्यांनी चेलो दाखवला नाही, याचा अर्थ सगळ्यांनी हवा तो काढला.

पुढचं सगळं त्या तीन शब्दांवरून चालत गेलं. भाव पडलाच होता. थोरल्यानं आपला चेलो अकराला काढला. भावाभावांत एक राहिला, तो धाकट्यानं ठेवला. वर्षभरानं लांबूला एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळचं काम मिळालं, जेवणाऱ्यांसाठी चार वादकांनी बसून वाजवायचं. रोज जमणार नव्हतं, म्हणून आलटून पालटून दुसरा चेलोवाला हवा होता. तो मावशीकडे आला.

तेव्हाही तिच्या खोलीत पेटी कोपऱ्यात उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. लांबूनं पेटीकडे बघत म्हटलं, "चल, उचल. उद्यापासून."

आणि मावशीनं त्या क्षणी आपला उजवा हात डाव्या हातात धरला. "मनगट गेलंय माझं. गज धरवत नाही." मग जराशानं, चाचरत म्हणाली, "त्यांना विचारा ना. शेजारी बसायचे त्यांना."

"त्या माणसाला?" लांबू म्हणाला. मावशी पाणी आणायला उठली. काम धाकट्याला मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी घराबाहेर पडताना मनगटाला पट्टी बांधायला लागली. कारखान्यात काम करताना सोडायची, रस्त्यावर आली की बांधायची. आम्हा घरच्यांनाही तिनं मनगटाचंच सांगितलं होतं. माझ्या आईनं मलम दिलं, शेजारणीनं शेक सांगितला. आणि एका दुपारी दार वाजलं तर दारात चिक्कूकाका. हातात तेलाची बाटली. "मनगटाचं कळलं," ते म्हणाले. "माझ्या सासऱ्यांना या तेलानं गुण आला होता. कोमट करून लावायचं." ते आत आले नाहीत. त्या वेळी ते एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट चालवत होते. गणवेशाच्या खिशात तीच ती बोटभर पेन्सिल होती, मजल्यांची नोंद करायला.

मावशीनं बाटली घेतली. सांगायचं ते ओठांवर आलं होतं, असं ती म्हणते. पण ते जिना उतरून जाईपर्यंत ती बाटलीचं बूचच घट्ट करत राहिली. तेल तिनं कधी लावलं नाही आणि फेकलंही नाही.

चेलो विकल्याला अशी अकरा वर्षं झाली.

मग माझी बदली तिच्या शहरात झाली आणि मी तिच्याकडे राहायला गेले. एका रविवारी झाडताना मी ती पेटी सरकवली, तर आत काहीतरी चुकीचं सरकलं. चेलो असा सरकत नाही. मावशी बाजारात गेली होती. मी पेटी उघडली. आत शिवणाच्या चिंध्या ठासून भरलेल्या, निळ्या, पांढऱ्या, खाकी. आणि तळाशी दोन विटा, टॉवेलात नीट गुंडाळलेल्या, जणू त्यांना थंडी वाजेल.

ती परत आली तेव्हा पेटी उघडीच होती. मला वाटलं ती चिडेल. ती पिशवी हातात घेऊन तशीच खाटेवर बसली आणि म्हणाली, "बरं झालं बाई." आणि संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "त्यांना जाऊन सांग."

"उद्या जाते," ती म्हणाली. ते उद्या तीन आठवडे चाललं. शेवटी मीच तिच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या आणि रिक्षा बोलावली.

चिक्कूकाका तिसऱ्या मजल्यावर राहत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना लिफ्टनं वर नेलेल्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दार काकूंनी उघडलं. एकच खोली, पलीकडे पडद्याआड ओटा. काका खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते, बरेच वाळलेले. मावशीला बघून त्यांना आनंद झाला, हे आम्हाला दिसलं, आणि म्हणूनच ते सगळं फार अवघड झालं.

"ताई! मनगट कसं आहे?"

मावशी उभीच राहिली. "मनगटाला कधीच काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्याकडे चेलो नव्हता. चौदाला मी दिला होता."

काकूंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काकांनी वर्तमानपत्राची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली.

"घरात कोणी आजारी होतं?"

"नाही."

"भाडं थकलं होतं?"

"नाही."

"मग?"

"घाबरले."

"घाबरलो तर मीही होतो," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आम्ही त्या महिन्यात दोन वेळा पीठ उसनं आणलं. चेलो खाटेखाली होता. रोज रात्री ही म्हणायची, काढा. मी म्हणायचो, शब्द दिलाय." त्यांनी घडी मांडीवर ठेवली. "आणि तुम्ही म्हणालात, मला काय माहीत."

मावशी म्हणाली, "हो."

"आता कशाला आलात?"

मी मध्ये बोलायला गेले, "काका, ती इतकी वर्षं..." पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

काकू पुढे आल्या. त्या रडत नव्हत्या. "त्या हॉटेलात ते लोक सहा वर्षं वाजवत होते," त्या म्हणाल्या. "रोज त्या रस्त्यानं हे लिफ्टच्या कामाला जायचे. खिडकीतून ऐकू यायचं. घरी येऊन मला सांगायचे, आज धाकट्यानं कुठे चुकवलं."

काकांनी शेवटी एवढंच सांगितलं, "तिघांना सांगा. मी तिथे येणार नाही, मला त्यांची तोंडं बघायची नाहीत. पण सांगा. आणि मग इकडे येऊ नका." आम्ही निघालो तेव्हा ते उठलेही नाहीत. जिन्यात मावशी कठड्याला धरून दोन मजले उतरली, मग पायरीवर बसली. तिच्या मनात होतं, की कदाचित ते चिडतील, ओरडतील, आणि मग जाऊ दे म्हणतील. ते जाऊ दे म्हणाले नाहीत.

तिघांना तिनं पुढच्या पंधरा दिवसांत गाठलं. दोघे भाऊ एकत्रच राहत होते. थोरल्याला आधी आठवेचना की कसला चेलो, कसला शब्द. धाकट्याला आठवलं. तो जरा ओशाळून हसला. "ताई, खरं सांगू? तुमच्या आदल्याच दिवशी आम्हीही गेलो होतो त्याच्याकडे. त्यानं दोन्ही मिळून वीस म्हटले, म्हणून परत आलो. चौदा-चौदा म्हटला असता तर..." आणि त्यानं चहा घेणार का, असं विचारलं.

लांबूचं घर मोठं होतं. मुलगा परदेशी. गुडघे गेलेले, त्यामुळे तो आता तितका उंच दिसत नव्हता. मावशीचं ऐकून घेतल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यानं विकला नाही हे मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"अगं, तो कंजूष माणूस. चाळीसची वस्तू चौदाला देईल का?" मग गुडघा चोळत म्हणाला, "तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. हॉटेलवाल्यांनी एकदा ऐकला असता, तर मला कोणी विचारलं नसतं."

मावशी मला नंतर म्हणाली, की त्या दिवशी तिला हलकं वाटायला हवं होतं. अपराधी ती एकटी नव्हती. पण तसं काही झालं नाही. उलट तिला वाटलं, त्या टपरीमागे पाच माणसं होती आणि त्यांतल्या चौघांनी मिळून एकाला बाहेर काढलं, आणि काढायला दार उघडून दिलं ते तिनं. तिनं काकांना एक पत्र टाकलं. तिघांना सांगितल्याचं, कोण काय म्हणालं तेही लिहिलं, लांबूचंसुद्धा. उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी काका गेले. आम्हाला महिन्यानं कळलं, आणि तेही काकू स्वतः आल्या तेव्हा. मी दार उघडलं. त्या आत येऊन बसल्या, पाणी नको म्हणाल्या.

"चेलो विकायचाय," त्या मावशीला म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही. दुकानात गेले तर साठ म्हणाले. बरोबर आहे की फसवतायत, मला कसं कळणार? ज्यांना कळतं अशी माझ्या ओळखीची तुम्हीच आहात."

"मी येते," मावशी म्हणाली.

"त्यांना आवडलं नसतं मी इथे आलेलं."

"माहीत आहे."

दुकान आता त्या दुकानदाराची मुलगी चालवत होती. छताच्या दांडीवर आता दोनच व्हायोलिनं होती. हातानं बनवलेली जुनी वाद्यं पुन्हा दुर्मीळ झाली होती. यंत्रावर वाढलेली मुलं आता लाकूड शोधत येत होती, आणि ज्यांनी विकलं नव्हतं त्यांच्या वस्तूला किंमत आली होती. मुलीनं बापासारखंच पाठीवर टकटक केलं. "साठ. कड जरा उकललीये खाली."

"ते एका दुपारचं काम आहे," मावशी म्हणाली. "सरसानं चिकटवायची, दोन दिवस चापात ठेवायची. तेवढ्यासाठी साठच?"

"वाजतो कसा ते कुठे माहीत आहे? किती वर्षं बंद होता."

मावशीनं खुर्ची ओढली. तेरा वर्षांनी तिनं चेलो गुडघ्यांत घेतला. खुंट्या पिळून तारा लावल्या, गजाला राळ घासली. गाणं-बिणं काही वाजवलं नाही. चारही तारा एकेक करून लांब ओढल्या, अगदी सावकाश, मग सुरावट वर नेली आणि खाली आणली. तिच्या बोटांची कातडी मऊ पडली होती, चौथ्या फेरीला तारेवर लाल डाग दिसला. ती थांबली नाही. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं दारात उभी राहिली. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या पाठीवरून काही समजत नव्हतं.

मग मावशीनं घासाघीस केली. मी तिला कधी भाजीवाल्याशीही दोन रुपयांसाठी बोलताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती पाऊण तास हटली नाही. मुलगी सत्तर म्हणाली, पंचाहत्तर म्हणाली. मावशीनं चेलो पेटीत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. पंचाण्णववर सौदा झाला. पैसे तिनं हातात घेतले नाहीत, परस्पर काकूंना द्यायला लावले.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "असं कोणी विकून दिलं तर दलालाला काय देतात?"

"मला नको."

"काय देतात ते विचारतेय."

"शेकडा पाच."

काकूंनी फुटपाथवर उभ्या उभ्या नोटा मोजल्या आणि पुढे केल्या. मावशीनं हात मागे घेतला.

"घ्या," काकू म्हणाल्या. "फुकट केलंत तर ते माझ्यावर तुमचे उपकार होतील. मला ते घरात नकोत."

मावशीनं पैसे घेतले. काकू रस्ता ओलांडून गेल्या, मागे वळल्या नाहीत.

आम्ही बसस्टॉपवर उभ्या राहिलो. दोन बस आल्या, दोन्ही आमच्याच होत्या, पण मावशी हलली नाही. बोटांना रुमाल गुंडाळून ती दुकानाच्या दाराकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी घाई केली का गं? आणखी थोडं ताणलं असतं, तर त्यांना शंभर मिळाले असते."